छोट्या आगगाडीचे सुटे भाग मिळतात, पण आधी मोजमाप हवे

प्रति,
मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार.

विषय : जुन्या प्रतिकृती-रेल्वेच्या डब्यांचे सुटे भाग

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. ट्रंकेच्या तळाशी सापडलेली गाडी, तिचे रंग उडालेले डबे आणि ते हातात घेतल्यावर लेखकाला झालेला आनंद हे सारे लेखात फार चांगले उतरले आहे. मात्र अशा गाड्यांचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत आणि म्हणून मोडका डबा काचेच्या कपाटात ठेवून देण्यावाचून गत्यंतर नाही, असे लेखाच्या शेवटी जे ठामपणे म्हटले आहे, ते मला मान्य नाही. पंचवीसेक वर्षे मी असे डबे दुरुस्त करत आलो आहे, व्यवसाय म्हणून नव्हे, केवळ हौसेने. या काळात जे डबे माझ्या हातून दुरुस्त होऊ शकले नाहीत, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत अडचण भाग न मिळण्याची नव्हती; नेमका कोणता भाग हवा आहे, हेच मला ठाऊक नव्हते.

गोंधळाला सुरुवात शब्दापासून होते. आपण बोलताना ‘बोगी’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात अख्खा डबा असतो. रेल्वेच्या कारखान्यात आणि प्रतिकृतींच्या यादीत मात्र बोगी म्हणजे डब्याच्या पोटाखाली असणारी, वळणावर फिरणारी, चार किंवा सहा चाकांची चौकट. त्यातही ब्रिटिश याद्यांमध्ये जिला बोगी म्हणतात तीच अमेरिकन याद्यांमध्ये ‘ट्रक’ या नावाखाली असते. माझ्या एका स्नेह्यांनी मोठ्या उत्साहाने परदेशातून ‘बोगी’ मागवली आणि पुडक्यातून चार चाकांची बोटभर लांबीची चौकट निघाल्यावर आपली फसवणूक झाली असे त्यांना वाटले. विकणाऱ्याने मात्र मागितले तेच पाठवले होते.

शब्दानंतर अडते ते प्रमाणापाशी. गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर; ओ गेजमध्ये ते ३२ मिलिमीटर असते. पण त्याच रुळांवर चालणारा ब्रिटिश डबा १ : ४३.५, जर्मन डबा साधारणपणे १ : ४५ आणि अमेरिकन डबा १ : ४८ या प्रमाणात केलेला असतो. एचओ आणि ब्रिटिश डबल ओ या दोन प्रकारांचे तर रूळच एक, १६.५ मिलिमीटरचे, परंतु पहिल्याचे प्रमाण १ : ८७ आणि दुसऱ्याचे १ : ७६. खऱ्या डब्याची एक मीटर लांबी एचओमध्ये साडेअकरा मिलिमीटर होते, तर डबल ओमध्ये तेरा मिलिमीटरहून किंचित जास्त. त्यामुळे चाके रुळावर नीट बसली एवढ्यावरून ‘माप जुळले’ असे समजून कोणी छत, दार किंवा खिडक्यांची पट्टी मागवली, तर ती सातव्या-आठव्या हिश्श्याने लहान किंवा मोठी निघते. रूळ जुळणे आणि डबा जुळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही आणि विकणाऱ्याला ते सांगण्याची गरज वाटत नाही.

चाकांच्या बाबतीत मी स्वतःच तोंडघशी पडलो आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुष्कळ डब्यांमध्ये चाकांच्या जोडीचा आस, म्हणजे दोन चाके ज्यावर बसतात तो दांडा, दोन्ही टोकांना सुईसारखा निमुळता असतो आणि ती टोके चौकटीतील शंकूच्या आकाराच्या खळग्यांत बसतात. घर्षण केवळ टोकाशी होत असल्याने असा डबा किंचितशा उतारावरही आपण होऊन चालू लागतो. मी एका डबल ओ डब्यासाठी चाकांच्या चार जोड्या मागवताना आसाची लांबी मोजली ती चौकटीच्या आतल्या बाजूने, म्हणजे खळग्यांची खोली सोडून. आलेले आस साडेचोवीस मिलिमीटरचे होते, हवे होते सव्वीसचे. डबा रुळावर उभा असेपर्यंत सारे ठीक दिसे, पण उचलला की चाके टपटप खाली गळत. नंतर धास्तावून मी सत्तावीसचे आस घेतले, तर चौकटीच्या दोन्ही बाजू बाहेरच्या बाजूस फाकल्या आणि डबा ब्रेक लावल्यासारखा जागच्या जागी थांबला. आसाची लांबी टोकापासून टोकापर्यंत, व्हर्निअर कॅलिपरने (बारीक मापे घेण्याच्या चिमट्यासारख्या उपकरणाने), शक्यतो त्याच डब्यातील शाबूत राहिलेल्या जोडीवरून मोजावी, एवढे शिकायला मला आठ जोड्यांचे दाम मोजावे लागले.

चाकाचा व्यासही तितकाच पाहावा लागतो. ब्रिटिश प्रवासी डब्याचे खरे चाक साडेतीन फुटांचे, म्हणून डबल ओमध्ये ते १४ मिलिमीटरचे. मालडब्याचे चाक त्याहून लहान, प्रतिकृतीत सुमारे साडेबारा मिलिमीटरचे. अमेरिकन डब्यांत मालासाठी ३३ इंची आणि प्रवाशांसाठी ३६ इंची चाके प्रचलित असल्याने एचओमध्ये ती अनुक्रमे सुमारे ९.६ आणि १०.५ मिलिमीटरची होतात. हा फरक नजरेला चटकन कळत नाही, एक डबा दुसऱ्याला कडीने जोडताना मात्र लगेच कळतो, कारण कड्यांची उंची जुळत नाही. शिवाय जुन्या तीन रुळी पद्धतीत, उदाहरणार्थ १९३८ मध्ये बाजारात आलेल्या हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश गाड्यांमध्ये, वीज मधल्या रुळातून येत असे आणि बाहेरचे दोन्ही रूळ परतीच्या मार्गाचे असत, त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांमध्ये विद्युतरोधन नसले तरी चालत असे. तीच धातूची चाके दोन रुळी मांडणीवर ठेवली तर शॉर्ट सर्किट होऊन सारी गाडी जागेवर थांबते आणि मालक बिचारा इंजिनाची मोटर उघडून बसतो.

कड्यांविषयी, म्हणजे कपलिंगविषयी, फार लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच सांगतो की कडीवरून डब्याचा काळ ठरवता येतो. अमेरिकेच्या लायोनल कंपनीने १९४५ मध्ये मिटलेल्या मुठीसारखी कडी आणली. सुरुवातीच्या काही वर्षांत तिच्यात तारेचे वेटोळे असे आणि त्याला वीज पोचवण्यासाठी बोगीखाली रुळावर घासत जाणारी पट्टी असे. पुढे ते काढून टाकून रुळातील विद्युतचुंबकाने खाली ओढली जाणारी साधी चकती आली. या दोन प्रकारांचे सुटे भाग एकमेकांत बसत नाहीत. अमेरिकन फ्लायर या दुसऱ्या नाममुद्रेच्या एस गेज (ओ गेजहून अरुंद) डब्यांतही आधी साध्या दुव्याच्या कड्या होत्या आणि १९५० च्या दशकात त्या बदलल्या. ‘लायोनलची कडी हवी’ अशी मागणी करणे म्हणजे दुकानात जाऊन ‘एक बटण द्या’ म्हणण्यासारखे आहे.

लायोनलच्या भागांना क्रमांक देण्याची पद्धत समजून घेतली तर शोध निम्म्याने सोपा होतो, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकांत भागाचा क्रमांक बहुधा दोन तुकड्यांत असतो : आधी डब्याचा क्रमांक, मग आडवी रेघ, मग त्या भागाचा आकडा. मात्र हा डबा म्हणजे तो भाग ज्यात प्रथम वापरला गेला तो डबा, आपल्या हातातला असेलच असे नाही. १९४७ मध्ये आलेल्या ३४६२ क्रमांकाच्या दुधाच्या डब्यात बटण दाबले की दार उघडून एक छोटा माणूस दुधाचे कॅन बाहेर फलाटावर ठेवतो. याच घाटाचे ३४७२ आणि ३४८२ हे डबे पुढे निघाले. ज्याच्याकडे ३४८२ आहे तो साहजिकच ३४८२ या आकड्याखाली कॅन शोधत राहतो आणि काही न मिळाल्याने निराश होतो. ते कॅन पहिल्या भावाच्या नावावर, म्हणजे ३४६२ खाली, नोंदलेले असतात. ‘कुठेच मिळत नाहीत’ या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारींचे मूळ अशा चुकीच्या आकड्यात असते.

पत्र्याच्या डब्यांची गोष्ट निराळी, आणि मला विचाराल तर अधिक नाजूक. १९२० मध्ये आलेली हॉर्नबीची पहिली ओ गेज गाडी मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याच्या धर्तीवर नट-बोल्टने जोडलेली होती, त्यामुळे तिचा एखादा भाग काढून दुसरा बसवणे लहान मुलालाही जमत असे. पुढे उत्पादन स्वस्त करण्यासाठी पत्र्याच्याच जिभा खाचेतून घालून त्या दुमडण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. ही जीभ फार थोड्या वेळा वाकण्यासाठी केलेली असते. प्रत्येक वाकवण्यासरशी पत्रा त्या ठिकाणी कडक आणि ठिसूळ होत जातो. कारखान्यात ती एकदा वाकली, मधल्या काळात कोणीतरी कुतूहलाने उघडून मिटली, आणि आता आपण तिसऱ्यांदा उघडतो तेव्हा ती हातात येते. मी जीभ सरळ करताना चिमट्याने न ओढता तिच्याखाली पातळ बोथट पाते सरकवून, एकदाच आणि लागेल तेवढीच उचलतो. तुटलीच तर तिथे डाख देऊ नये. डाख वितळवण्याइतकी उष्णता पत्र्याच्या दुसऱ्या बाजूवरील छापील रंग करपवते, आणि तो छपाईचा रंग पुन्हा तसाच मिळवणे जवळजवळ अशक्य असते. आतल्या बाजूने पितळेची पातळ पट्टी इपॉक्सी गोंदाने चिकटवून तिचीच नवी जीभ करता येते. बाहेरून ती दिसत नाही आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी मूळ पत्र्याला धक्का न लावता सोडवता येते.

ओतीव जस्ताच्या भागांना मात्र काही वेळा खरोखरच उपाय नसतो, हे कबूल केले पाहिजे. दोन महायुद्धांमधल्या काळातील आणि त्यानंतरच्याही काही डब्यांच्या ओतीव चौकटी, चाके आणि बफर (डब्याच्या टोकाला धक्का झेलणारे भाग) यांना हळूहळू बारीक भेगा पडतात, पृष्ठभाग फुगतो, आणि एके दिवशी भाग बोटांत बिस्किटासारखा चुरतो. इंग्रजीत याला जस्ताची कीड असेच नाव आहे. प्रत्यक्षात तो जस्ताच्या मिश्रधातूत ओतकामाच्या वेळी राहिलेल्या शिशासारख्या अशुद्धीचा परिणाम असतो. धातूच्या कणांमधल्या सीमांवर क्षरण सुरू होते, उष्ण आणि दमट हवेत ते वेगाने पसरते. शेजारच्या डब्याला ते लागत नाही, त्यामुळे आजारी डबा वाळीत टाकण्याचे कारण नाही. पण रंगाचा हात देऊन किंवा गोंद भरून ते थांबतही नाही. अतिशुद्ध जस्त वापरण्याची पद्धत १९२० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाली खरी, परंतु सगळ्या कारखान्यांत आणि सगळ्या घाण्यांत ती पाळली गेली नाही. कित्येकदा भंगारातले काहीतरी कढईत पडलेच. असा भाग बदलायचाच असतो, आणि बदलताना फुगलेल्या भागाचे माप घेऊन चालत नाही. मी एकदा तसे माप दिले होते; नवी चौकट डब्याहून जवळजवळ दोन मिलिमीटर लांब आली, कारण मी धातूच्या आजाराचेही माप दिले होते.

प्लास्टिकच्या डब्यांत वेगळा धोका असतो. १९५० च्या दशकाच्या आरंभीचे काही डबे सेल्युलोज ॲसिटेटचे आहेत, ते काळाने वाकतात आणि आखडतात. अशा वाकलेल्या डब्यावर पुढच्या काळातले सरळ छत दाबून बसवले तर दोहोंपैकी एकाला तडा जातो. इथे दोन्ही भाग एकाच वयाचे शोधावेत, किंवा छताची आतली कड कानसून सैल बसवावी. खिडक्यांच्या पिवळ्या पडलेल्या पारदर्शक पट्ट्या आणि दोन डब्यांमधल्या जाण्यायेण्याच्या मार्गाचे काळ्या कागदाचे भाते हे तर विकत घेण्याचेही कारण नाही. पारदर्शक फिल्म आणि जाड काळा कागद घरी कापून, घड्या घालून एका संध्याकाळी होण्यासारखे ते काम आहे.

आता नव्याने केलेल्या भागांविषयी, ज्यांचा लेखात उल्लेखही नाही. मूळ कारखाने बंद पडले (हॉर्नबीच्या गाड्या जिथे तयार होत तो लिव्हरपूलचा बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला) तरी त्यांच्या डब्यांचे भाग आजही लहान-लहान कारागीर करतात. सिलिकॉन रबराच्या साच्यात कथिलाचा मिश्रधातू ओतून बफर आणि दिवे, रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्यातून जाळ्या आणि कठडे, आणि अलीकडे त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर रेझिनचे छत किंवा आख्खी बोगी असे बरेच काही निघते. त्यात एक मेख आहे. मूळ भागावरूनच साचा घेतला तर ओतलेला धातू थंड होताना आकसतो आणि नवा भाग किंचित लहान निघतो. त्या नव्या भागावरून पुन्हा कोणी साचा घेतला तर तो आणखी लहान. म्हणून चांगला कारागीर नमुना थोडा मोठा करून घेतो. विकत घेताना ‘हा मूळ भागावरून ओतला आहे की मोजून केलेल्या नमुन्यावरून?’ एवढा एकच प्रश्न मी विचारतो. उत्तर टाळले गेले तर मीही तो भाग टाळतो.

या भागांविषयी माझी तक्रार एकच आहे, आणि ती छापली जावी अशी विनंती आहे. बहुतेक नव्या भागांवर ते नवे असल्याची कोणतीही खूण नसते. चांगल्या प्रतिकृतीचे दार जुन्या डब्यात बसवले, त्याला चार-दोन वर्षे धूळ लागली, मालक बदलला, की तो डबा ‘संपूर्ण मूळ’ म्हणून विकला जातो. माझ्याकडेही असा एक मालडबा आला होता. आलटून पालटून उजेडात धरल्यावर लक्षात आले की डब्याचा लाल रंग उन्हाने विटकरी झाला आहे, पण दाराचा नाही. दार काढून पाहिले तर त्याच्या मागच्या बाजूवर रेझिनच्या छपाईत राहतात तशा केसासारख्या समांतर रेघा भिंगाखाली स्पष्ट दिसल्या. दार वाईट नव्हते, उलट सुबक होते, आणि मी ते तसेच ठेवलेही. आक्षेप दाराला नाही, न बोलण्याला आहे. कारागिरांनी भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस एखादे अक्षर किंवा वर्ष कोरावे, आणि आपण दुरुस्ती करणाऱ्यांनी डब्याच्या तळाशी चिठ्ठी ठेवून कोणता भाग केव्हा बदलला ते लिहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. माझ्या प्रत्येक डब्यात अशी चिठ्ठी आहे; तिच्यात माझ्या चुकाही लिहिलेल्या आहेत.

आणि जुना, अस्सल भागच हवा असेल तर तो सहसा सुटा मिळत नाही, मोडक्या डब्याला चिकटलेला मिळतो. छत चेपलेले, एक बाजू गंजलेली, रंग कोणीतरी घरी फासलेला असे डबे लिलावात खोक्याने एकत्र विकले जातात आणि हौशी लोक नाक मुरडून पुढे जातात. माझ्याकडे असलेल्या चांगल्या बोग्या, कड्या आणि चाके यांतली निम्म्याहून अधिक त्याच खोक्यांतून आलेली आहेत. म्हणूनच घर आवरताना ‘मोडके’ म्हणून वेगळे काढलेले डबे रद्दीत जाऊ देऊ नयेत, असे आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते. एका डब्याचे फुटके अंग हे दुसऱ्या डब्याचे कोठार असते.

शेवटी लेखासोबतच्या छायाचित्राविषयी. त्यात लेखकाचा तपकिरी-पिवळा प्रवासी डबा एका टोकाला झुकलेला दिसतो आणि ‘आस झिजल्यामुळे कायमचा निकामी’ अशी ओळ खाली छापली आहे. छायाचित्र मी भिंगाने पाहिले. झुकलेल्या टोकाची चाके दुसऱ्या टोकाच्या चाकांहून लहान दिसतात, आणि आस झिजल्याने चाकाचा व्यास कमी होत नाही. माझा अंदाज असा की पूर्वी केव्हातरी कोणीतरी त्या बोगीत मालडब्याची चाके बसवली असावीत. लेखकाने कृपया दोन्ही टोकांच्या चाकांचा व्यास मोजून पाहावा. एका बाजूला १४ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला साडेबाराच्या आसपास भरला, तर त्या डब्याला चाकांच्या फक्त दोन जोड्या हव्या आहेत. आसाची लांबी मोजताना मात्र टोकापासून टोकापर्यंत मोजावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक